पहिल्या नंबरचा पोवाडा

तिहुआना हे मेक्सिकोच्या वायव्य टोकावरचे शहर. पलीकडे अमेरिकेचे कॅलिफोर्निया राज्य, अलीकडे हे, आणि मध्ये उंच लोखंडी कुंपण. १२ सप्टेंबर २०२३ रोजी या शहरात काही ठिकाणी कापडी फलक टांगलेले आढळले. मेक्सिकोत असे फलक नवे नाहीत. अमली पदार्थांच्या टोळ्यांना शत्रूला, पोलिसांना किंवा सरकारला जाहीर निरोप धाडायचा असला की त्या रातोरात असे फलक लावतात. या वेळी निरोप होता चोवीस वर्षांच्या एका गायकाला. १४ ऑक्टोबरला या शहरात गायलास तर तो तुझा अखेरचा कार्यक्रम ठरेल, असा त्याचा मथितार्थ. खाली हालिस्को प्रांतातल्या बलाढ्य टोळीची सही.

त्याच संध्याकाळी हा गायक न्यूयॉर्कशेजारच्या न्यूआर्क शहरात एमटीव्हीच्या पारितोषिक सोहळ्यात गात होता. जगभर लक्षावधी लोक त्याला पडद्यावर पाहत होते. हसान एमिलिओ काबान्दे लाइहा हे त्याचे खरे नाव. पेसो प्लुमा हे घेतलेले. मुष्टियुद्धातल्या 'फेदरवेट' गटाला स्पॅनिशमध्ये असे म्हणतात. अंगकाठी किडकिडीत, केस पुढे आखूड आणि मागे मानेवर रुळणारे, आवाज घसा बसल्यासारखा घोगरा. तिहुआनाचा कार्यक्रम अर्थातच रद्द झाला. प्रेक्षक आणि वाद्यवृंद यांच्या सुरक्षिततेसाठी, असे कारण देण्यात आले. ज्या वर्षी मेक्सिकोच्या गाण्याने जग जिंकले, त्याच वर्षी त्या गाण्याच्या सर्वांत मोठ्या गायकाला स्वतःच्या देशातल्या एका शहरात पाऊल ठेवता आले नाही.

२०२३ या वर्षी मेक्सिकोत कोणती गाणी गाजली, हा विषय वरवर पाहता रविवारी सकाळी चहाबरोबर चघळण्याचा. वर्षाची सुरुवातही तशीच झाली होती. जानेवारीत कोलंबियाची शाकिरा आणि अर्जेंटिनाचा तरुण संगीतकार बिझाराप यांचे गाणे आले. शाकिराने त्यात आपला जुना जोडीदार, स्पेनचा फुटबॉलपटू जेरार्ड पिके याची यथेच्छ हजेरी घेतली होती. मेक्सिकोसह साऱ्या स्पॅनिशभाषक जगात ते गाणे याद्यांच्या शिरावर जाऊन बसले. त्यात तिने कोणत्या घड्याळाचा आणि कोणत्या मोटारीचा उल्लेख केला यावर घराघरांत चर्चा झडल्या. भांडण घरातले असले की गाणे चालतेच. त्याला देश लागत नाही.

वसंत ऋतू आला आणि वारे फिरले. मार्चमध्ये 'एया बायला सोला' हे गाणे बाहेर पडले. 'ती एकटीच नाचते', असा त्याचा साधा अर्थ. एक मुलगा मित्राला दाखवतो की ती बघ, आणि मग तिच्याजवळ जातो, एवढीच त्याची कथा. गाणारे एस्लाबोन आर्मादो हा गट आणि पेसो प्लुमा. ड्रम नाही, विजेवर चालणारे सूर नाहीत. गिटारीच्या कुळातली तारवाद्ये आणि त्यांच्यावर स्वार झालेली पितळी वाद्ये, बस्स. मेक्सिकोच्या यादीत ते पहिले आले यात नवल नव्हते. नवल पुढे होते. 'बिलबोर्ड'च्या जागतिक यादीतही ते पहिले आले, आणि १९५८ पासून चालत आलेल्या अमेरिकेच्या 'हॉट १००' यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत चढले. या जातीचे मेक्सिकन गाणे त्या यादीत पहिल्या दहांत कधीच आले नव्हते. पाठोपाठ पाचव्या क्रमांकावर आले ग्रुपो फ्रोंतेरा आणि बॅड बनी यांचे गाणे, तेही मेक्सिकन धाटणीचेच. ज्या संगीताला अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांनी आणि रेडिओवाल्यांनी वर्षानुवर्षे 'रीजनल मेक्सिकन', म्हणजे प्रादेशिक, अशी चिठ्ठी चिकटवून कोपऱ्यातल्या फळीवर ठेवले होते, त्याची दोन गाणी एकाच वेळी पहिल्या पाचांत! वर्ष संपताना 'स्पॉटिफाय'च्या हिशेबात जगात सर्वाधिक ऐकलेल्या कलावंतांत पेसो प्लुमा पाचवा होता. त्याचा 'हेनेसिस' हा संग्रह अमेरिकेच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेला, आणि पुढच्या फेब्रुवारीत त्याला ग्रॅमी पारितोषिकही मिळाले.

ही याद्यांची भानगड थोडी समजून घ्यायला हवी. आपल्या पिढीला यादी म्हटले की बुधवारी रात्रीची 'बिनाका गीतमाला' आठवते. दुकानांत किती तबकड्या खपल्या, श्रोतासंघांची पत्रे काय म्हणतात, यावर तिथली पायरी ठरे. आता हे काम यंत्र करते. कोणी, कुठे, कितीदा ऐकले याची नोंद फोनच ठेवतो. याचा एक परिणाम फारसा कोणी बोलून दाखवत नाही. रेडिओच्या काळात काय वाजवायचे हे कोणीतरी ठरवत असे. तो कोणीतरी लाच खाणारा असेल, सरकारला भिणारा असेल, किंवा नुसताच सुसंस्कृत असेल. पण चाळणी होती. ती गेली. मेक्सिको सिटी हे आपले सर्वांत मोठे श्रोतेनगर असल्याचे 'स्पॉटिफाय'ने २०१८ मध्येच जाहीर केले होते. राजधानीतल्या दिवाणखान्यांना जी गाणी गावंढळ वाटत होती, ती त्याच घरांतली मुले कानात बोंडे घालून ऐकत होती, हे आकड्यांनी उघडे पाडले.

या गाण्याचे कूळ मोठे आहे. त्याचे नाव 'कोरिदो'. मराठी माणसाला ते एका शब्दात सांगता येते : पोवाडा. घडलेली गोष्ट, नाव-गाव-तारखेसह, चालीवर सांगायची. वीर कोण, तो कुठला, त्याने काय केले, कसा लढला, कसा पडला, आणि शेवटी ऐकणाऱ्यांचा निरोप. वर्तमानपत्र न वाचणाऱ्यांचे ते वर्तमानपत्र होते. मेक्सिको सिटीत आन्तोनिओ वानेगास आरोयो नावाचा छापखानेवाला सुटे कागद छापून विकायचा. एकीकडे कोरिदो, वर होसे ग्वादालुपे पोसादाने कोरलेले चित्र. १९१० ची क्रांती लोकांपर्यंत पोचली ती अशा कागदांवरून आणि बाजारात गाणाऱ्यांच्या तोंडून.

सर्वांत प्रसिद्ध जुना कोरिदो आहे ग्रेगोरिओ कोर्तेस याचा, आणि त्याचे मूळ व्याकरणाच्या एका चुकीत आहे. १९०१ च्या जून महिन्यात टेक्सासमध्ये एक शेरीफ घोडाचोराच्या शोधात कोर्तेसच्या दाराशी आला. सोबतच्या दुभाष्याचे स्पॅनिश कच्चे होते. तू नुकताच घोडा बदलून घेतलास काय, असे त्याने विचारले. कोर्तेसने नाही म्हणून सांगितले. कारण त्याने घेतली होती घोडी, आणि स्पॅनिशमध्ये या दोहोंना वेगळे शब्द आहेत. शेरीफला वाटले, खोटे बोलतो. पिस्तूल निघाले, कोर्तेसच्या भावाला गोळी लागली, कोर्तेसने शेरीफला मारले आणि पळ काढला. शेकडो माणसे त्याच्या मागे लागली. दहाएक दिवसांनी तो सापडला, तुरुंगात गेला, आणि १९१३ मध्ये त्याला माफी मिळाली. तोवर सरहद्दीवरच्या प्रत्येक खेड्यात त्याचे गाणे झाले होते. अमेरिको पारेदेस या विद्वानाने १९५८ मध्ये त्या एका गाण्यावर अख्खे पुस्तक लिहिले. राज्य ज्याला गुन्हेगार म्हणते तो लोकांचा नायक असू शकतो, ही या गाण्याची जन्मजात धारणा. पुढे जे काही झाले ते समजायला ही एक गोष्ट पुरे.

इथे जरा वाट सोडून एक सांगायचे आहे. मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत दिएगो रिव्हेराने १९२० च्या दशकात प्रचंड भित्तिचित्रे काढली. तिसऱ्या मजल्यावर चित्रांच्या वरून एक लाल फीत रंगवलेली आहे आणि त्या फितीवर कोरिदोचे शब्द. म्हणजे भिंतच पोवाडा गाते आहे! त्या मालिकेतल्या एका चित्रात कष्टकरी माणसे टेबलाभोवती बसली आहेत आणि मधला सावळा गृहस्थ भाकरी मोडून वाटतो आहे. तो गृहस्थ म्हणजे आपले पांडुरंग सदाशिव खानखोजे, असे मानले जाते. वर्ध्याचा हा क्रांतिकारक गदर चळवळीतून देशोदेशी भटकत १९२४ मध्ये मेक्सिकोला पोचला, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिशाळेत शिकवू लागला, मक्याच्या वाणांवर काम केले, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. वीणा गवाणकरांच्या चरित्रामुळे ते मराठी वाचकाला परके राहिलेले नाहीत. कोरिदोच्या फितीखाली बसलेला हा एकमेव मराठी माणूस असावा. त्याची कृषिशाळा ज्या तेस्कोको भागात आहे तिथे आपल्याला पुन्हा यायचे आहे, आणि प्रसंग तितका प्रसन्न नाही.

क्रांती संपली, वीर संपले, गाण्याची चाल मात्र उरली. रिकाम्या चालीला नवे वीर लागतात. ते सिनालोआच्या डोंगरांत तयार होतेच. १९७० च्या दशकाच्या आरंभी लोस तिग्रेस देल नोर्ते या गटाने कामेलिया नावाच्या बाईचे गाणे गायले. मोटारीच्या चाकांत गांजा भरून ती आणि तिचा प्रियकर सरहद्द ओलांडतात. तो दगा देतो आणि ती त्याला गोळ्या घालते. नार्कोकोरिदोची ही मुहूर्तमेढ. पण ती गोष्ट काल्पनिक होती, आणि गाणारे तिच्यापासून हातभर दूर उभे होते. हे अंतर पुसून टाकले चालिनो सांचेस याने. लॉस एंजेलिसमध्ये राहणारा हा सिनालोआचा माणूस पैसे घेऊन लोकांवर कोरिदो रचून देई. ज्याच्याकडे पैसा आणि नाव राहावे अशी इच्छा त्याचा पोवाडा. भाटगिरीच ती, फक्त राजे बदलले होते. चालिनोला धड गाता येत नव्हते, हे तो स्वतःही कबूल करी. पण आवाज खरा वाटे. १९९२ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या एका कार्यक्रमात प्रेक्षकातल्या माणसाने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. त्यानेही व्यासपीठावरून उलट झाडल्या. मे महिन्यात कुलियाकानला गाताना त्याच्या हातात कोणीतरी चिठ्ठी दिली. त्याने ती वाचली, घाम पुसला आणि पुढचे गाणे गायले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे प्रेत सापडले. त्या प्रसंगाचे चित्रण उपलब्ध आहे. चिठ्ठीत काय होते हे आजवर कळलेले नाही.

आजच्या गायकांची पिढी चालिनोची नातवंडे. मधला दुवा आरिएल कामाचो. रेकिंतो हे लहानसे तारवाद्य विलक्षण वाजवणारा हा मुलगा २०१५ मध्ये बाविसाव्या वर्षी मोटार अपघातात गेला. पेसो प्लुमाचे वाद्यावरचे प्रेम तिथून आलेले. मग २०१९ च्या सुमारास सोनोरा प्रांतातल्या नातानाएल कानो या मुलाने त्या जुन्या वाद्यमेळात अमेरिकेतल्या 'ट्रॅप'ची चाल आणि ऐट मिसळली. लॉस एंजेलिसच्या 'रांचो उमिल्दे' या कंपनीने ते बाजारात आणले. नाव पडले 'कोरिदो तुंबादो'. जुनी मंडळी खवळली. डोक्यावर सोम्ब्रेरो नाही, अंगावर भरतकामाचा पोशाख नाही, नुसती टोपी आणि सदरा! यांना कोरिदो कोण म्हणेल? प्रत्येक पिढीच्या लावणीबद्दल आपल्याकडे जे म्हटले गेले तेच.

आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. यातले कितीतरी गायक मेक्सिकोत जन्मलेलेच नाहीत. 'एया बायला सोला' लिहिणारा पेद्रो तोवार आणि त्याचा गट कॅलिफोर्नियातल्या पॅटरसन या लहानशा गावातला. फुएर्सा रेहिदा सान बर्नार्डिनोचा, ग्रुपो फ्रोंतेरा टेक्सासचा. अमेरिकेत मेक्सिकन वंशाचे पावणेचार कोटींच्या आसपास लोक राहतात. २०२३ मध्ये परदेशस्थ मेक्सिकनांनी घरी पाठवलेली रक्कम ६३ अब्ज डॉलरच्या पुढे गेली. आजवर उत्तरेकडून डॉलर येत. आता गाणीही येऊ लागली.

पण डॉलर मुकाट्याने घेतले जातात, गाणाऱ्याला मात्र परीक्षा द्यावी लागते. याहरित्सा आणि तिचे दोन भाऊ यांचा गट अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यातला. सफरचंदांच्या बागांत राबणाऱ्या मेक्सिकन मजुरांचा तो प्रदेश. २०२३ च्या उन्हाळ्यात मुलाखतींतून या पोरांनी सांगून टाकले की मेक्सिको सिटी आपल्याला फारशी आवडली नाही, जेवणही रुचले नाही. झाले! साऱ्या देशाने त्यांना धारेवर धरले. तुम्ही मेक्सिकन कसले, असा जाब विचारला गेला. शेवटी खुद्द राष्ट्राध्यक्ष लोपेस ओब्रादोर यांनी सकाळच्या पत्रकार परिषदेत त्यांची बाजू घेतली. आईबापांच्या देशाला आपला म्हणावे तर तो हसतो, जन्माच्या देशाला म्हणावे तर तो कागद मागतो. ही अवस्था ज्यांची मुले सातासमुद्रापार वाढत आहेत अशा मराठी घरांना समजावून सांगायला नको.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पहिल्या क्रमांकाचे गाणे निरागस प्रेमगीत होते. मग धमकी कशाची? उत्तर असे की याद्या अर्धेच सांगतात. ज्या गळ्यातून 'एया बायला सोला' निघाले त्याच गळ्यातून टोळ्यांच्या म्होरक्यांची भलामण करणारी गाणीही निघाली आहेत, आणि त्यांतल्या काहींचा रोख सिनालोआच्या टोळीकडे, तुरुंगात गेलेल्या 'एल चापो' गुस्मान याच्याकडे आहे. पेसो प्लुमाची आई कुलियाकानची. लहानपणी कानावर पडले ते हे. हालिस्कोची टोळी सिनालोआच्या टोळीची वैरी. आपल्या वैऱ्याचा पोवाडा आपल्या मुलखात गायला जाऊ नये, अशी पेशवाई-निजामशाहीच्या काळात शोभावी अशी ती भूमिका. विशेष म्हणजे गायक स्वतः हालिस्कोतल्या सापोपानमध्ये जन्मलेला.

हे सारे कोणत्या देशात चालले आहे तेही पाहावे. तेरा कोटींच्या आसपास वस्ती. २०२३ पर्यंतची काही वर्षे सतत दरसाल तीस हजारांच्या घरात खून. सरकारी नोंदीतल्या बेपत्ता माणसांची संख्या मे २०२२ मध्येच एक लाखाच्या पुढे गेलेली. तिहुआनात फलक लागले त्याच सप्टेंबरात 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला. टोळ्यांत काम करणारे एक लाख साठ हजार ते एक लाख पंचाऐंशी हजार असावेत, देशातल्या मोठ्या नोकरी देणाऱ्यांत टोळ्यांचा क्रमांक पाचवा लागेल, असा त्याचा अंदाज. मरण आणि अटक यांनी होणारी गळती भरून काढायला त्यांना दर आठवड्याला किमान साडेतीनशे नवी माणसे भरती करावी लागतात. साडेतीनशे, आठवड्याला. गाण्याची यादीही आठवड्यालाच लागते.

गाणी ऐकून मुले टोळीत जातात काय? मेक्सिकोत या प्रश्नावर वर्षानुवर्षे भांडण चालू आहे. लोपेस ओब्रादोर यांनी या गाण्यांबद्दल पुन्हा पुन्हा नापसंती बोलून दाखवली. स्थानिक कारभाऱ्यांनी सरळ बंदीचा रस्ता धरला. सिनालोआच्या गव्हर्नरने २०११ मध्ये मद्यगृहांत हे गाणे वाजवण्यावर बंदी घातली होती. पुढे सर्वोच्च न्यायालयाने ती मोडीत काढली. चिहुआहुआने लोस तिग्रेसना दंड ठोठावला. २०२३ च्या मे महिन्यात कानकूनने जाहीर कार्यक्रमांतून अशा गाण्यांना मज्जाव केला. त्याच वर्षी चिहुआहुआ शहराने स्त्रियांवरच्या हिंसेला उत्तेजन देणाऱ्या गाण्यांनाही दंडाच्या कक्षेत आणले. यातला शेवटचा नियम मला तरी इतरांहून अधिक अर्थपूर्ण वाटतो. या गाण्यांतली बंदूक सर्वांना दिसते, बाई ही नुसती मोटारीसारखी मिरवायची वस्तू झालेली असते हे फार थोड्यांना दिसते.

नोव्हेंबरमध्ये तिहुआनाच्या नगरपरिषदेनेही बंदी केली. मुलांच्या कानांचे आणि मनाचे रक्षण करायचे, असा त्यामागचा विचार. विचारात वावगे काही नाही. पण ज्या महापौर बाईंनी ही बंदी पुढे रेटली त्या मोन्तसेरात काबायेरो त्या वेळी कुठे राहत होत्या? टोळ्यांच्या धमक्यांमुळे त्याच वर्षी जूनपासून त्यांनी आपला मुक्काम लष्कराच्या छावणीत हलवला होता. स्वतःच्या घरी झोपण्याची ज्या राज्याच्या महापौराला हमी नाही, ते राज्य गाणाऱ्याला दंड करते! दंड वसूल करता येतो, कारण गायक सापडतो. फलक लावणारे सापडत नाहीत.

म्हणून गायकांना निर्दोष ठरवावे असेही नाही. 'आम्ही आरसा धरतो, दिसते ते गातो', हा त्यांचा ठरलेला बचाव. कोर्तेसचा कोरिदो गाणाऱ्याला तो शोभत होता. त्याच्या नायकाने त्याला एक पैसा दिला नव्हता. पैसे देऊन गाणे लिहवून घेता येऊ लागले त्या दिवशी आरशाचे चित्र झाले, आणि चित्रात गिऱ्हाईक नेहमीच देखणे असते. त्या चित्रात साडेतीनशेंपैकी कोणी नसतो. अठरा वर्षांचा पहारेकरी, पहिल्याच चकमकीत मेलेला, ज्याची आई दोन वर्षे शवागारे पालथी घालते आहे, त्याचे गाणे सांगितले तर पैसे कोण देणार? उलट बाजूही आहे. या मुलांपुढे दुसरा गाण्याजोगा माणूस कोणी ठेवला आहे? शिक्षक? पोलीस? ज्या भागात रस्ता, दवाखाना, जत्रेची वर्गणी सारे टोळीच्याच कृपेने, तिथे वीर कोण ठरणार हे ठरवायला कवी लागत नाही.

२०२३ चा हा तिढा सुटला नाही, अधिकच घट्ट झाला. २०२५ च्या मार्चमध्ये हालिस्कोतल्या तेउचित्लान गावाजवळच्या एका वाडीत बेपत्ता मुलांचा शोध घेणाऱ्या नातेवाइकांच्या पथकाला शेकडो चपला-बूट, कपडे, पाठीवरच्या पिशव्या आणि जळालेली हाडे सापडली. नोकरीच्या खोट्या जाहिराती देऊन तरुणांना तिथे आणले जाई आणि जबरदस्तीने टोळीचे शिक्षण दिले जाई, असे पुढे आले. बुटांचे फोटो प्रसिद्ध झाले. देशभरातल्या आया ते मोठे करून न्याहाळू लागल्या, एखादा ओळखीचा आहे का म्हणून. आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला, तिथून फार दूर नसलेल्या सापोपानच्या भव्य सभागृहात लोस आलेग्रेस देल बार्रांको हा गट गात असताना पाठीमागच्या पडद्यावर त्याच हालिस्कोच्या टोळीच्या म्होरक्याचे चित्र झळकले. सभागृहाने टाळ्यांचा गजर केला. टाळ्या वाजवणारे भाडोत्री नव्हते. तिकीट काढून आलेली, बायकामुलांसह आलेली माणसे होती. मला या सबंध कहाणीत सर्वांत अस्वस्थ करते ती ही गोष्ट, फलकावरची धमकी नव्हे.

अमेरिकेने त्या गटाचे व्हिसे रद्द केले. गाण्याच्या बाजाराचे निम्मे गिऱ्हाईक कुंपणापलीकडे असल्याने हा घाव वर्मी लागणारा होता. राष्ट्राध्यक्ष क्लाउदिया शेनबाउम यांनी प्रसंगाची चौकशी व्हावी असे म्हटले. बंदीला मात्र आपण अनुकूल नाही, असेही सांगितले. त्याऐवजी एप्रिलमध्ये त्यांनी दोन्ही देशांतल्या मेक्सिकन तरुणांसाठी गीतस्पर्धा जाहीर केली. गाण्याची जात कोरिदोसारखीच चालेल, फक्त विषय हिंसेचा आणि नशेचा गौरव करणारा नको. सरकारी स्पर्धेतून पोवाडा जन्मतो काय, हे काळच दाखवील. आपल्याकडच्या सप्ताहांचा आणि पंधरवड्यांचा अनुभव ज्यांनी घेतला आहे ते फार आशा धरणार नाहीत. तरी बंदीपेक्षा हा विचार शहाणपणाचा, एवढे म्हणता येईल.

आणि मग तेस्कोको. खानखोजे जिथे मक्याची कणसे तपासत हिंडले, त्या भागात दर वर्षी घोड्यांची मोठी जत्रा भरते. ११ एप्रिल २०२५ च्या रात्री तिथे लुइस आर. कोनरिकेस गाणार होता. नार्कोकोरिदो हाच त्याचा खाक्या. पेसो प्लुमाबरोबरही तो गायलेला. प्रांतिक सरकारने जत्रांसाठी नुकताच इशारा दिला होता. त्याने व्यासपीठावरून सांगितले की आज ती गाणी गाता येणार नाहीत. लोक हुर्यो करू लागले. पेले आले, मग खुर्च्या आल्या. गायक निघून गेला तेव्हा जमाव व्यासपीठावर चढला आणि वाद्ये, ध्वनियंत्रे जे हाती लागेल ते फोडत सुटला. दीड वर्षापूर्वी टोळीने सांगितले होते, गाऊ नकोस. आता सरकारने सांगितले, गाऊ नकोस. आणि श्रोता म्हणत होता, गायलाच पाहिजे.

कोनरिकेसने नंतर आपल्या गाण्यांतले शब्द बदलण्याची तयारी दाखवली. त्या रात्री जी गाणी गाता आली नाहीत ती तेस्कोकोच्या मैदानातून घरी परतणाऱ्यांच्या फोनवर होतीच. परतीच्या वाटेवर ती ऐकायला कोणाची परवानगी लागत नव्हती.